शेजारच्या खाटेचा हेवा

मला पहिली फिट आली तेव्हा माझ्या हातात खडू होता. एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. गडचिरोली जिल्हा तेव्हा नवा होता, शाळा नवी होती आणि मीही नवी होते. फळ्यावर 'म' काढताना उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. मी त्याच्याकडे बघतच राहिले. मुलांना काहीतरी सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर शब्दच बाहेर येईना. पुढचं मला आठवत नाही. मी पडले, हातपाय झाडले, आणि एक माडिया मुलगी 'येर, येर' करत पाण्याचा गंज घेऊन धावत आली, हे नंतर इतरांनी सांगितलं. येर म्हणजे तिच्या भाषेत पाणी. शुद्धीवर आले तेव्हा साडी भिजलेली होती, जीभ चावली गेली होती आणि कोणीतरी माझ्या नाकाशी चप्पल धरली होती.

पावसाळा संपेपर्यंत आणखी दोन-तीनदा तसंच झालं. मुख्याध्यापक भला माणूस होता. त्याने मला खुर्चीवर बसवून समजावलं की इथून दवाखाना लांब आहे, नाल्याला पूर आला की रस्ता बंद होतो, तब्येत नीट करून या. माझा वर्ग त्याने माझ्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या शिक्षिकेला दिला. ती मला एस.टी.वर पोचवायला आली. माझी पिशवी तिनेच उचलली होती. गाडी सुटली तेव्हा ती हात हलवत होती आणि मी तिच्याकडे बघून मनात म्हणत होते की आता खोली हिची, वर्ग हिचा, मुलंही हिचीच. त्यासाठी हिने काय केलं? काहीच नाही. ही फक्त पडली नाही.

हेवा मला तोवर माहीत नव्हता असं नाही. पण तो कोणाच्या साडीचा, कोणाच्या मार्कांचा असायचा. कोणाच्या नुसत्या उभं राहण्याचा हेवा वाटू शकतो, हे मला त्या गाडीत कळलं.

घर नागभीडला. बाबा रेल्वेच्या गँगमध्ये होते, रूळ दुरुस्त करायचे. माय शाळेत कधी गेली नव्हती. मला घरी आणल्यावर नातेवाइकांची रीघ लागली. आत्याने एका भगताचं नाव सुचवलं, त्याच्या हाताला गुण आहे म्हणाली. बाबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "ते सारं आपुन नागपूरलेच सोडून आलो, बाई. आता बी नागपूरलेच जाऊ." ज्या वर्षी आमच्या घराने धम्म घेतला, त्या वर्षी बाबा ऐन तरुण होते आणि चालत चालत नागपूरला गेले होते. मला मात्र त्यांनी नॅरोगेजच्या छोट्या गाडीने नेलं. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या होत्या, बायका कापणीला वाकलेल्या होत्या, आणि मला प्रत्येकीचा हेवा वाटत होता.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आधी डोक्याचे फोटो झाले. मग मांडीतून नळी घालून रंगाचं औषध सोडलं. ते मानेतून वर चढताना डोक्यात कोणी गरम पाणी ओतल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून बाबांना दाखवली. सगळीकडे झाडाच्या फांद्यांसारख्या नीट रेषा होत्या आणि एका जागी दोऱ्याचा गुंता व्हावा तसं काहीतरी होतं. "रक्ताच्या नळ्यांचा गुच्छ आहे," ते म्हणाले. "जन्मापासूनचा. त्याच्यामुळेच फिट येतात." बाबांनी विचारलं, कोणाचं काय चुकलं? डॉक्टर म्हणाले, कोणाचंच नाही. बाबांनी डोळे पुसले. इतके दिवस हा प्रश्न ते एकटेच पोटात घेऊन फिरत होते, हे मला तेव्हा समजलं.

माझा गुंता डाव्या बाजूला खोल होता, बोलणं जिथून येतं त्या जागेला लागून. तिथे हात घातला तर वाचा जाईल, कदाचित जीवही जाईल. म्हणून ऑपरेशन नाही. गोळ्या घ्यायच्या, जपून राहायचं. पाण्यात उतरायचं नाही, चुलीजवळ एकटीने बसायचं नाही, सायकल चालवायची नाही. आणि तो फुटला तर? मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "फुटेलही. किंवा तुम्ही म्हाताऱ्या व्हाल आणि तो तसाच राहील. मला सांगता येणार नाही." त्यांचा खरेपणा मला नंतर आवडला. त्या दिवशी नाही.

गोळ्यांचा डोस बसेपर्यंत मला वॉर्डातच ठेवलं. शेजारच्या खाटेवर घुग्घुसची एक बाई होती. माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी, लांबसडक वेणी, खणखणीत आवाज. नवरा कोळशाच्या खाणीत शिफ्टमध्ये कामाला. सुट्टी मिळाली की तो मोटरसायकलवरून यायचा, आणि त्याच्या कपाळावरच्या घामातही काळी रेघ असायची. त्याला आम्ही भाऊ म्हणायला लागलो, म्हणून ती वहिनी.

वहिनीलाही फिट यायच्या. वहिनीच्या डोक्यातही रक्तवाहिन्यांचा गुच्छ होता. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी तिच्या खाटेवर जाऊन बसले. जगात माझ्यासारखं कोणीतरी होतं, आणि ते हाताच्या अंतरावर होतं. तो आनंद दुपारच्या राउंडपर्यंत टिकला. डॉक्टरांनी सांगितलं की वहिनीचा गुच्छ डोक्याच्या मागच्या बाजूला आहे, वरवर आहे, आणि तो काढता येईल.

एकच आजार. एकच वॉर्ड, एकच डॉक्टर. तिचा काढता येईल, माझा नाही. मी तोंडावर पांघरूण घेऊन भिंतीकडे वळले.

त्यानंतरचे दिवस मी तिच्यावर नजर ठेवूनच काढले. तिच्याकडे मासिकांचा गठ्ठा होता. दुपारी ती त्यातल्या गोष्टी मोठ्याने वाचायची आणि अख्खा वॉर्ड ऐकायचा. मायही ऐकायची. माय माझ्या पायथ्याशी बसलेली असायची, पण कान तिकडे. कधी कधी गोष्ट रंगात आली की माय उठून तिच्याच खाटेवर जायची. मी डी.एड. झालेली मुलगी, पण मायला मी कधी एक गोष्ट वाचून दाखवली नव्हती, आणि आता गोळ्यांनी जीभ जड झाली होती, ओळीवर डोळा ठरत नव्हता. एकदा माय तिची वेणी घालत बसली होती. मी हाक मारली, पाणी दे म्हटलं. पाणी माझ्या उशाशीच होतं. माय म्हणाली, "हे काय, जवळच तर हाय." आणि वेणी पुरी करूनच उठली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न्हाव्याने वहिनीचं डोकं भादरलं. ती रडली. केस गेल्याचं तिला वाईट वाटत होतं, आणि मला ते टक्कलसुद्धा हवं होतं. ते ज्याचं होतं त्याला पुढे जायला वाट होती. तिला नेताना तिने माझा हात धरला, मीही धरला. ती मरावी असं माझ्या मनात आलं नाही, हे मी खरं सांगते. ती बरी व्हावी असंही मात्र मनापासून म्हणता येईना.

ती बरी झाली. चांगली झाली. मला आधी सुट्टी मिळाली, तेव्हा ती पट्टी बांधलेल्या डोक्याने उशीला टेकून बसली होती आणि भाऊ तिला चमच्याने पेज भरवत होते.

पुढचं वर्ष मी नागभीडला काढलं. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, दिवसभर झोप. फिट कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. गोळ्यांमुळे हिरड्या वाढून दातांवर यायला लागल्या, तसं मी तोंड मिटून हसायला शिकले, आणि मग हसायचंच कमी केलं. माय मला नजरेआड होऊ देत नसे. न्हाणीच्या दाराला कडी लावायची नाही, असा नियम होता. गावातल्या पोरी तळ्यावर कपडे घेऊन जायच्या, मी ओसरीवरून बघायची. नागपूरला तपासणीला गेलं की बाकावर कधी वहिनी भेटायची. केस पुन्हा बोटभर वाढलेले, अंगाने भरलेली. एकही फिट नाही, असं भाऊ सगळ्यांना सांगायचे, अनोळखी माणसांनाही. मग ती मोटरसायकलवर त्यांच्या मागे बसून जायची आणि मी फाटकापर्यंत बघत राहायची. एकदा ती दाराच्या उजवीकडच्या चौकटीवर धडकली. उजवीकडचं आता दिसत नाही, ती म्हणाली, ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांनी कल्पना दिली होती. मला वाटलं, तेवढं तर मीही दिलं असतं.

एका खेपेला भाऊ औषधं आणायला गेले होते, माय चहाला गेली होती. वहिनीने हातातली चिठ्ठी माझ्यापुढे केली. "काय लिवलं हाय, पाहा बरं." डॉक्टरांचं अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग, म्हणून मी काही मनावर न घेता दिवस-वार वाचून दाखवला. मग तिने मासिक पुढे केलं. छापील, मोठी अक्षरं, गोष्टीचं नाव. "हे बी."

मी तिच्याकडे पाहिलं.

"मले वाचता येऊन नाई राह्यलं, मास्तरीण," ती हळू आवाजात म्हणाली. "ऑपरेशन झालं तवापासून. अक्षर दिसते, पण कोनतं हाय ते समजतच नाई."

मला आधी ती थट्टा करतेय असं वाटलं. मी पेन दिलं. तिने स्वतःचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, सरळ, सुंदर, न अडखळता. मग तोच कागद मी तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली, मग तिने नकाराची मान हलवली. स्वतःच लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. मेंदूच्या त्या भागात असं होऊ शकतं, पुन्हा शिकून पाहा, असं त्यांनी तिला सांगितलंही होतं. घरी मात्र तिने सांगितलं नव्हतं. बाई बरी झाली म्हणून भाऊंनी अख्ख्या चाळीला जेवण घातलं होतं. "त्याईले कसं सांगू," ती म्हणाली. "इतका जीव लावला त्याईनं." रोज दुपारी ती मासिक उघडून बसायची आणि पानं उलटायची, म्हणजे शेजारणींना काही कळू नये.

तिच्या त्या बोलण्याने मला काय वाटलं ते नीट सांगायचं तर, आधी बरं वाटलं. माझ्याकडे असलेलं काहीतरी तिच्याकडे नव्हतं. पण ते बरं वाटणं फार काळ पुरलं नाही. चहा घेऊन माय आली, तिने वहिनीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "आता कोनती गोष्ट वाचून राह्यली?" वहिनी हसली, आणि वॉर्डात वाचलेलीच एक जुनी गोष्ट नवी म्हणून तिला सांगायला लागली.

तिनेच मग मला घुग्घुसला बोलावलं. शिकवा म्हणाली, तुम्ही पोरांना शिकवता तसं. भाऊंना सांगितलं की मास्तरीणबाईंना हवापालट हवा आहे. घुग्घुसला हवापालटासाठी जाणारी मी बहुधा पहिलीच असेन. छोट्या गाडीने चांदा, म्हणजे चंद्रपूर, तिथून एस.टी., आणि पुढे ट्रकच ट्रक. खाणीचा कोळसा एकीकडून आणि सिमेंटची भुकटी दुसरीकडून. वहिनी दारात झाडून आत येईपर्यंत मागे पुन्हा थर बसलेला असायचा. माय चार दिवस राहिली, मग मला एकटं सोडणार नाही असा वहिनीने तिला शब्द दिला आणि माय एकटी परत गेली. आजारी पडल्यापासून मी पहिल्यांदाच मायच्या नजरेबाहेर होते.

शिकवायला बसलो आणि माझ्या सगळ्या युक्त्या हरल्या. बाराखडी तिला तोंडपाठ होती. मुलाला अक्षर नवं असतं, तिला ते हरवलेलं होतं. मी पाटीवर 'क' काढायची, ती म्हणायची, पाहिलेलं वाटते, पण नाव आठवत नाई. आठवडाभर आम्ही नुसत्या झगडलो. मी चिडले की तिलाही राग यायचा. एकदा ती म्हणाली, "जाऊ द्या, तुमाले काय, तुमाले येते." हे वाक्य मी वर्षभर मनात तिलाच म्हणत आले होते. मी पाटी पुसली आणि पुन्हा 'क' काढला.

एका सकाळी भाऊ पहिल्या शिफ्टला गेले होते. दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीवर धूळ साचली होती. एटापल्लीला पाट्या पुरायच्या नाहीत, तेव्हा मी मुलांना वाळूत बोटाने अक्षरं काढायला लावायची. तसंच मी पाटीवरचं अक्षर वहिनीला त्या धुळीत बोटाने गिरवायला सांगितलं, ते काय आहे ते न ओळखता, नुसतं त्याच्या रेषेवरून. तिने गिरवलं. बोट थांबलं आणि ती म्हणाली, "घ." पुढचं अक्षर गिरवलं. "र. घर." डोळ्यांना जे कळत नव्हतं ते तिच्या बोटाला कळत होतं. आम्ही दोघी पेटीसमोर उकिडव्या बसून पेटीवरची सगळी धूळ संपवली, मग खिडकीची, मग कपाटाची. घुग्घुसची धूळ कोणाला हवीशी वाटल्याचं मी तेवढंच पाहिलं.

त्याच आठवड्यात मला तिच्या घरी फिट आली. अंगठा उडायला लागला तसा मी तिच्याकडे बघून हात वर केला, एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी कुशीवर होते, डोक्याखाली तिची मांडी होती. चप्पल नाही, कांदा नाही, पाणी नाही. ती नुसती माझे केस मागे सारत होती आणि रडत होती. जीभ हलायला लागेपर्यंत तिने वाट पाहिली आणि मग विचारलं, "मी बी अशीच दिसत होती काय?"

लहानपणापासून तिला फिट यायच्या आणि तिने एकही पाहिली नव्हती. पाहणार तरी कशी? मीही पाहिली नव्हती. मी तिला विचारलं, कशी दिसते? ती विचार करून म्हणाली, "आधी भेव वाटते. मंग लेकराले ताप चढल्यावानी दिसते. वंगाळ नाई दिसत." कोणी मला ते कधी सांगितलं नव्हतं. सगळे फक्त म्हणायचे, जाऊ दे, आठवू नको.

आणि तरी, तिच्या मांडीवर डोकं असताना, मला तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. हे आता आपल्याला होणार नाही, ही सुटका. वहिनी ती लपवत होती, पण मी ती ओळखली, कारण असल्या गोष्टी ओळखण्यातच माझं वर्ष गेलं होतं.

भाऊंना तिने महिनाअखेरीस सांगितलं. मी बाहेर ओट्यावर बसले होते, आतलं बोलणं ऐकू येत नव्हतं. भाऊ बाहेर आले, मोटरसायकल पुसायला लागले, पुसून झालेला भाग पुन्हा पुसत राहिले. मग मला म्हणाले, "मले सांगाले पायजे होतं ना तिनं. मी कायले रागावलो असतो?" त्या दिवसापासून शिफ्टवरून आले की पेपरातली एक ओळ ते बोटाने तिच्या तळहातावर लिहायचे आणि ती वाचायची. मी तिथेच बसलेली असायची. माझ्या तळहातावर कोणी कधी काही लिहिलं नव्हतं.

मी परत आले. दुसऱ्या वर्षी मला नागभीडजवळच्या एका गावी पुन्हा शिक्षिकेची नोकरी मिळाली. दोन शिक्षकी शाळा, त्यामुळे वर्गात मी पडले तरी शेजारी कोणीतरी असायचं. मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की बाई कधी कधी पडतात, तेव्हा त्यांना कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि गोंधळ करायचा नाही. मोठ्या माणसांपेक्षा ती लवकर सरावली. गुंता डोक्यात आहे तिथेच आहे. सकाळी उठल्यावर मी अजूनही आधी माझं नाव मोठ्याने उच्चारून बघते.

वहिनी पुढे बोट हलवत, पदराखाली मांडीवर गिरवत, पेपरातली बातमी वाचायला लागली. वेग मात्र आला नाही. मग तिला मुलगी झाली. भाऊ पेढे घेऊन मोटरसायकलवरून थेट नागभीडला आले. मी पेढा घेतला, गोड बोलले, आणि ते गेल्यावर पोटात दुखतंय म्हणून जेवले नाही. मायने आग्रह केला नाही. बारशाला मी जाणार नाही असं ठरवलं होतं, आणि गेले.

घर बायकांनी भरलेलं होतं. पाहुण्यांतल्या एका म्हातारीला माझ्याबद्दल कोणीतरी सांगितलं असावं, कारण मी पाळण्याजवळ गेले तशी ती मधे येऊन उभी राहिली. वहिनीने ते पाहिलं. तिने मला भिंतीला टेकून चटईवर बसायला सांगितलं, मुलीला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं, आणि स्वतः शेजारी बसली. म्हातारी बाजूला झाली. मुलगी झोपेत तोंड हलवत होती, तिच्या कपाळावर काजळाचा ठिपका होता. इतकं हलकं काही मी आजवर मांडीवर घेतलं नव्हतं, आणि ते माझं नव्हतं.

बायका जेवायला पांगल्यावर मी तिला म्हटलं, "वहिनी, मले तुमचा हेवा वाटते. वॉर्डात होतो तवापासून."

"मालूम हाय," ती म्हणाली. "वाटू द्या. मले बाजूच्या घरवालीचा वाटते. ते उभ्या उभ्या पेपर वाचते, भाजी निवडता निवडता."

मग तिने मुलीच्या अंगावरचं फडकं नीट केलं आणि मला विचारलं की लाखोळीच्या डाळीचं वरण चालेल काय, की तुरीचं वेगळं वाढू.